तोंड उघड, जीभ वर

अख्ख्या बऱ्हाणपुरात खरा शहाणा माणूस मी एकच पाहिला, आणि गावाने त्याला वेडा ठरवून जमाना झाला. हे माझं मत आहे, ते मी बदलणार नाही, आणि ज्याला पटत नसेल त्याने इतवाऱ्यात माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानावर येऊन खुशाल वाद घालावा. येतातच म्हणा. एखादा पोरासाठी कंपासपेटी घ्यायला येतो आणि झाकण उघडून बघता बघता हळूच विचारतो, "ते मेजर डॉक्टर तुमचेच ना? जरा खिसकेले होते म्हणतात." मी कंपासपेटी त्याच्या हातातून काढून घेऊन परत फळीवर ठेवतो. मी धंदा करायला बसलोय, आतोबांची निंदा ऐकायला नाही.

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. मेजर ते कधीच नव्हते. सैन्य सोडलं तेव्हा ते तोफखान्यात कॅप्टन होते. पुढची बढती त्यांना आमच्या गावाने दिली. ते प्रत्येकाला बजावायचे, "मेजर नहीं, कॅप्टन," आणि गाव प्रत्येक वेळी मान हलवून म्हणायचं, "हां मेजर साब." माझ्या आजोबांनी मुलगी दिली ती खांद्यावर तीन तारे असलेल्या रुबाबदार कॅप्टनला. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच जावई एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला जाऊन बसला. वय एकतीस. त्या वेळी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला वयाची वरची अट नव्हती. असा कोणी येईल हे अट घालणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. लोक आजोबांना विचारायचे, जावई काय करतात? आजोबा खाली बघून म्हणायचे, "शिकतायत." आत्याने मात्र डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ती इथल्याच, स्टेशनाकडच्या लालबागच्या एका शाळेत मास्तरीण झाली आणि तिने नवऱ्याचं शिक्षण पुरं केलं. कोणी कीव करायला आलंच तर ती म्हणायची, "बाकीच्यांचे नवरे बाटली घेऊन बसतात, माझा पुस्तक घेऊन बसतो. तुमचं काय दुखतं?"

सैन्य का सोडलं, या प्रश्नाला आतोबांकडे माणसागणिक वेगळं उत्तर होतं. पोस्टमास्तरांना सांगितलं, मेसची डाळ सोसवेना. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं, "तुमच्या बहिणीला काश्मीरची थंडी बाधली," आणि आत्याने तर जन्मात कधी काश्मीर पाहिलं नव्हतं. एका वकिलाला म्हणाले की साहेबाच्या कुत्र्याला सॅल्यूट ठोकायची पाळी आली. मला मात्र एकदा, मी फार आजारी असताना, त्यांनी वेगळंच सांगितलं. "तोफ चालवणाऱ्याला माणूस दिसत नाही रे. नकाशावर खूण करायची, हुकूम द्यायचा, गोळा जाऊन पडतो कुठेतरी मैलोन्मैल लांब. मला समोर बसलेला माणूस बघायचा होता." आणि आपण जरा जास्तच बोललो असं वाटून ते माझी नाडी धरून उगीचच घड्याळाकडे बघत बसले.

कॉलेजात गेले त्या पहिल्याच आठवड्यात सहा सीनियर पोरं त्यांचं रॅगिंग करायला आली. मान खाली घाल म्हणाली. आतोबांनी मान खाली घातली नाही, उलट त्या सहा जणांना एका ओळीत उभं केलं, त्यांची नखं तपासली, केस तपासले, आणि हॉस्टेलला चार चकरा मारायला लावल्या. त्यातला एक आज मोठा हाडांचा डॉक्टर आहे; लग्नाकार्यात भेटला की अजून सांगतो, "मी आजही पहाटे पळतो, त्या माणसाच्या धाकाने." शरीरशास्त्र शिकवणारे सर वयाने आतोबांपेक्षा लहान होते. आतोबा वर्गात शिरले की ते बिचारे चुकून उभे राहायचे, मग आतोबाच त्यांना म्हणायचे, "बैठिए सर." हे म्हणे वर्ष संपेपर्यंत चाललं.

राजपुऱ्याच्या दरवाजाजवळ त्यांचा दवाखाना होता. सकाळी सहाला उघडायचा. सहा म्हणजे सहा, साडेपाचला नाही आणि सहा-पाचलाही नाही. भिंतीला लागून एक लांबलचक बाकडं आणि खिळ्याला टांगलेले पत्र्याचे नंबर. केळीच्या गाड्या भरणारा हमाल, पावरलूमवरचा कारागीर, मंडीतले शेठ, ताप्तीकाठच्या गावातून पहाटेच्या बसने आलेली म्हातारी, सगळे त्याच बाकड्यावर, आले तसे. एकदा गावातल्या एका वजनदार पुढाऱ्याने माणूस पाठवला की साहेबांना आत घ्या, त्यांना वेळ नाही. आतोबांनी विचारलं, "बेशुद्ध आहेत का?" नाही म्हणाला. "रक्त जातंय?" नाही. "मग बावीस नंबर." पुढारी दीड तास बसले. एका बाजूला गालगुंड झालेलं पोर, दुसऱ्या बाजूला उलट्यांचा पेशंट. पुढे सहा महिने कोणी ना कोणी तपासणीच्या नावाखाली दवाखान्यात येऊन कागद मागत राहिलं. आतोबांनी त्या प्रत्येकालाही नंबर दिला.

औषध लिहून दिलं की पेशंटची सुटका झाली असं नसायचं. पेशंटने उभं राहायचं आणि सगळं परत म्हणून दाखवायचं. आतोबा फक्त एक शब्द उच्चारायचे, "रिपोर्ट." की पेशंट सुरू: पांढरी गोळी सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर, पिवळी झोपताना, मिरची बंद. चुकला तर खाली बसायचं आणि पुढच्या दोघांनंतर पुन्हा उभं राहायचं. याचा परिणाम असा झाला की बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला प्रत्येकाचं औषध पाठ. शहापूरकडची एक म्हातारी होती, तिला स्वतःचं सोडून बाकी सगळ्यांचं यायचं. आतोबांनी तिला तिसऱ्यांदा उभं केलं तेव्हा ती वैतागून म्हणाली, "डाक्टर, मी काय मॅट्रिकले बसेल आहे का?" आतोबांनी तिच्यासमोर स्वतः उभं राहून तिचं औषध म्हणून दाखवलं आणि म्हणाले, "आता तू मला पास कर." म्हातारीने पास केलं. पुढे ती दर खेपेला आधी त्यांची परीक्षा घ्यायची आणि मग स्वतः रिपोर्ट द्यायची.

औषध मधेच सोडणाऱ्याला त्यांच्या दरबारी एकच नाव होतं, भगोडा. संध्याकाळी ते स्कूटरवर भगोडे शोधायला निघायचे. इतवाऱ्यात ती स्कूटर शिरली की अर्ध्या बाजाराची पाचावर धारण बसायची. दराबा विकणारा एक शुगरवाला हलवाई तर काउंटरखाली जाऊन बसायचा, आणि गिऱ्हाईक दिसलं की तिथूनच वजन करायचा. माझे निवृत्त हेडमास्तर एकदा मावा जिलबीच्या दुकानासमोर सापडले. हेडमास्तरांची शुगर तीनशेच्या वर, त्यांनी घाईत जिलबी सदऱ्याच्या खिशात कोंबली. आतोबांनी पाहिलं होतं. स्कूटर स्टँडवर लावून त्यांनी हेडमास्तरांशी चांगला पाऊण तास गप्पा मारल्या, ताप्तीचं पाणी, केळीवरचा रोग, रेल्वेचं नवं टाइमटेबल. पाक सदऱ्यातून धोतरावर आला, धोतरावरून चपलेवर. मुंग्या लागल्या तेव्हा आतोबांनी स्कूटरला किक मारली आणि "चलो, सुबह मिलते हैं" म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सहा वाजता हेडमास्तर एक नंबरला हजर होते.

लोक हे किस्से सांगतात आणि हसतात. मीही हसतो. पण माझ्यावर पाळी आली तेव्हा मला काही हसू आलं नाही, हे सरळ सांगतो.

मी बावीस वर्षांचा होतो आणि महिनाभर खोकत होतो. आतोबांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "टीबी. सहा महिने औषध. बरा होशील." आमच्या घरात तो शब्द त्यानंतर कोणी उच्चारला नाही. आई म्हणायची, "त्याला ते झालंय." अण्णा तेवढंही म्हणायचे नाहीत. कारण माझ्या धाकट्या बहिणीचं, नंदाचं जमत आलं होतं. खंडव्याकडचं स्थळ, मुलगा बँकेत, घरात दोनच भाऊ. मुलीच्या भावाला 'ते' आहे असं कळलं असतं तर खंडवा सोडा, रावेरपर्यंतसुद्धा कोणी विचारलं नसतं. म्हणून माझ्या गोळ्या दुकानात, रंगपेट्यांच्या मागे लपवलेल्या असायच्या, आणि मी त्या पाठमोरा उभा राहून गिळायचो.

दोन महिन्यांत खोकला गेला. पाच किलो वजन वाढलं. आईने आनंदाने मांडे आणि आमरस केला, आणि ताटावर बसल्या बसल्या अण्णा म्हणाले, "आता बंद कर त्या गोळ्या. बऱ्या झालेल्या माणसाने औषध कशाला खायचं? पाहुणे येतील, कोणाच्या नजरेला पडलं तर?" आमच्या गावात हे सगळेच करतात. ताप उतरला की गोळी बंद, उरलेल्या फडताळात, पुढच्या तापाला होतील म्हणून. मला तर आयतीच सुट्टी मिळाली. मी बंद केल्या. पण दर सोमवारी दवाखान्यात जाऊन नव्या गोळ्या घ्यायचो, कारण नाही गेलो तर स्कूटर आली असती. आतोबा विचारायचे, "घेतोस?" घेतो. "रिपोर्ट." मी न चुकता घडाघडा म्हणून दाखवायचो.

तीन सोमवार खपून गेले. चौथ्या सोमवारी त्यांनी माझ्या हातात एक रिकामी बाटली दिली आणि म्हणाले, "मागे जा, भरून आण." त्या औषधाने लघवी केशरी होते, हे मला दोन महिन्यांच्या अनुभवाने चांगलं ठाऊक होतं, आणि नेमकं त्या वेळी आठवलं नाही. मी मुकाट्याने भरून आणली. आतोबांनी बाटली उजेडात धरली, बराच वेळ बघत राहिले. बाकड्यावरची सगळी बघत होती. मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "अर्ध्यात सोडलं की तू विसरतोस, रोग विसरत नाही. पुढच्या वेळी ह्याच गोळ्यांना तो जुमानणार नाही, आणि मग माझ्याकडे दुसरं काही नसेल." मग माझ्याच दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याचं एक कार्ड काढून त्यांनी त्यावर पट्टीने चौकोन आखले, एकशे ऐंशी. "चुकला तो पहिल्या चौकोनापासून. हा माझा कायदा आहे. उद्यापासून तू येऊ नकोस. मी येणार."

आणि ते यायला लागले. दवाखाना सहाला उघडायचा म्हणून माझ्या दारात साडेपाचला. कॅनव्हासचे बूट, खाकी हाफ पँट, वरच्या खिशात गोळ्या. पहिल्या दिवशी मी गोळी जिभेखाली दाबून ठेवली. ते जायला वळले आणि परत फिरले. "तोंड उघड. जीभ वर." तेव्हापासून रोज गोळी, पाणी, तोंड उघड, जीभ वर, आणि मग त्यांच्या पेनची चौकोनात एक फुली. पंधरा-सोळा फुल्या झाल्या असतील तेवढ्यात खंडव्याचे पाहुणे सुपारी फोडायला येणार असल्याचं कळलं. मुक्कामाने येणार होते. अण्णा स्वतः दवाखान्यात गेले, नंबर घेऊन बसले, आणि हात जोडून म्हणाले, "दाजी, दोन दिवस नका येऊ. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"त्या रोगाला सांगून बघा दोन दिवस येऊ नको म्हणून."

"मी पाया पडतो तुमच्या."

"नका पडू. तुमच्या कमरेला त्रास आहे," आतोबा म्हणाले आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचे वडील आमच्या ओट्यावर दात घासत बसले होते आणि बरोबर साडेपाचला स्कूटर थांबली. मी आत न्हाणीघरात कडी लावून उभा होतो. नंदाच्या लग्नाची मला काळजी होती, आणि माझ्या जिवाची काळजी आतोबांनी घेतलेलीच होती, म्हणून मी ती सोडून दिली होती. बाहेर त्यांचा आवाज आला, "पेशंट हाजिर करो." पाहुण्यांनी विचारलं, "कसला पेशंट?" अण्णा म्हणाले, "काही नाही, थोडी सर्दी." आणि आतोबा खणखणीत म्हणाले, "टीबी आहे. पूर्ण औषध घेतलं तर शंभर वर्षं जगेल, सोडलं तर मरेल. लपवण्यासारखं यात काय आहे? तुमच्या घरात कोणी खोकतंय का?" पाहुण्यांनी चूळ भरली. मी कडी काढून बाहेर आलो, गोळी गिळली, त्या भल्या माणसासमोर तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

पाहुणे चहा घेऊन गेले. पोहे घेतले नाहीत. खंडव्याहून निरोप आला नाही, तो कधी येणारही नव्हता. नंदा दोन दिवस जेवली नाही. अण्णांनी आतोबांना दार बंद केलं, अगदी आतून अडसर घालून. आणि मी? मी तर त्यांचं नाव काढलं तरी दात-ओठ खायचो. आतोबा मात्र रोज साडेपाचला ओट्यावर येऊन उभे. दार वाजवायचे नाहीत. नुसते पाच मिनिटं ताठ उभे राहायचे आणि निघून जायचे. गल्ली खिडक्यांतून बघायची. दोन दिवस मी अंथरुणातून उठलो नाही. तिसऱ्या दिवशी नंदाने येऊन माझं पांघरूण ओढलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने रस्त्याकडची खिडकी उघडली आणि मला म्हणाली, "जा, घे ती गोळी. माझं लग्न मोडलंय, ते तरी फुकट घालवू नकोस."

मी गजांतून हात बाहेर काढला. आतोबांनी गोळी ठेवली. मी तोंड उघडलं, जीभ वर केली. ते म्हणाले, "दोन दिवस चुकले. एक नंबरपासून," आणि जुनं कार्ड फाडून त्यांनी खिशातून नवं काढलं. ते आखून तयार ठेवलेलं होतं.

पुढचे चार महिने मी खिडकीतून औषध घेतलं. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं, आणि खरं सांगू, त्याचीच मजा वाटायला लागली. गल्लीतलं कोणी बघत असलं की मी जीभ जरा जास्तच वर करायचो. महिनाभरात आमच्याच गल्लीतले तिघं जण राजपुऱ्याला जाऊन खोकून आले. दोघं पावरलूमवरचे, आणि एक कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई, ज्या वर्षभर तोंडाला पदर लावून फिरत होत्या. पावसाळा संपता संपता एका सकाळी दवाखान्याच्या बाकड्यावर, सतरा नंबर हातात घेऊन, खंडव्याचे ते पाहुणे बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. आतोबांनी त्यांना ओळख दाखवली नाही. नंबर आला तेव्हा तपासलं, औषध लिहिलं आणि म्हणाले, "रिपोर्ट."

अण्णांनी दार उघडायला चार महिने लावले. बोलले तरीही नाहीत. पण एक दिवस ओट्यावर स्टूल दिसलं आणि त्यावर बशीखाली झाकलेला चहा. आतोबांनी उभ्या उभ्या प्यायला. नंदाचं पुढे भुसावळला झालं. मुलाला पहिल्याच भेटीत तिने माझ्या खिडकीची सगळी गोष्ट सांगितली होती, ती ऐकून तो हसला, म्हणूनच तो तिला पसंत पडला. एकशे ऐंशीवी फुली मारून आतोबांनी मला सॅल्यूट केला, म्हणाले "डिसमिस," आणि स्कूटरला किक मारली. मी घरात जाऊन रडलो. का ते मला तेव्हाही कळलं नाही.

याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. दवाखाना बंद झाला, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. आतोबा लालबागला असतात आणि त्यांना काही आठवत नाही. म्हणजे तोफेचे भाग आठवतात, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचं हाडन् हाड आठवतं, पण आत्या आठवत नाही. रोज दुपारी ते तिला अदबीने विचारतात, "मॅडम, आप किसके साथ आई हैं?" आत्या म्हणते, "तुमच्याच. पन्नास वर्षं झाली, अजून नंबर लागला नाही माझा." मग ते ओशाळून तिच्यासाठी खुर्ची सरकवतात. हे ती मला हसत सांगते, आणि सांगून झालं की स्वयंपाकघरात जाते.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचा फोन आला. आतोबा बूट-बीट घालून विकलेल्या स्कूटरची चावी शोधत होते. इतवाऱ्याच्या पोराची गोळी चुकेल म्हणून घायकुतीला आले होते, कोणाला ऐकेनात. मी तसाच गाडी काढून गेलो. म्हटलं, "आतोबा, मीच आलोय." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, माझे पिकलेले केस पाहिले, आणि म्हणाले, "उशीर केलास." खिशात हात घातला, खिसा रिकामा. माझ्या खिशात दुकानातली पिपरमिंटची गोळी होती, ती मीच त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मला दिली. मी गिळली. "तोंड उघड, जीभ वर." मी केली. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो निवांतपणा पाहून आत्या दारातच बसली.

तेव्हापासून मी रोज जातो. कार्ड मीच दुकानातून नेतो, चौकोन ते आखतात, पट्टी अजून जागची हलत नाही. त्यांच्या स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या ते आधी थुंकून टाकायचे. आता मी सांगतो, "आधी अफसर, मग पेशंट," की निमूट घेतात. माझी बायको सुरुवातीला म्हणाली, धडधाकट माणसाने रोज पहाटे औषधाचं नाटक करायला जायचं, लोक काय म्हणतील. मुलगा हैदराबादेहून फोनवर म्हणतो, "बाबा, तू त्यांना फसवतोस." हो, फसवतो. जाणार, आणि फसवणार. ज्याला सत्याची एवढी चाड असेल त्याने साडेपाचला उठून लालबागला यावं.

लालबागचं पहिलं कार्ड भरलं तेव्हा मात्र मला अक्कल नव्हती. शेवटची फुली पडली, आतोबांनी सॅल्यूट केला, "डिसमिस" म्हणाले. मला वाटलं, छान झालं, आता दुसरं काहीतरी काढू. दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. दाढी नाही, बूट नाहीत, गोळ्या नाहीत, पाण्यालासुद्धा मान फिरवायचे. कशासाठी उठायचं होतं? ड्यूटीच संपली होती. आत्या फोनवर नुसती "बघ ना रे" म्हणाली. पाचव्या दिवशी मी त्यांच्या पलंगाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "आतोबा, मी चार दिवस गोळी घेतली नाही." डोळे उघडले. उठून बसले. मला त्यांनी जे काही सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही, ते पलटणीतलं होतं. मग त्यांनी आत्याला हुकूम केला, "मॅडम, पुठ्ठा लाइए."

तेव्हा न घेतलेली घेतली म्हणून त्यांच्याशी खोटं बोललो होतो, आता घेतलेली घेतली नाही म्हणून बोलतो. दर कार्डाच्या शेवटच्या ओळीत मी भगोडा होतो, आणि ते मला एक नंबरवर आणून ठेवतात.

आज सकाळी पुन्हा सातच चौकोन उरले होते. मी गेल्या गेल्या मान खाली घालून सांगितलं की काल चुकली. आतोबांनी पेन उचललं, खाली ठेवलं. मी आवाज चढायची वाट बघत होतो. तो चढला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, त्या बाटलीकडे पाहिलं होतं तसं.

"दर वेळी शेवटच्याच आठवड्यात कसा चुकतोस रे तू?"

आत्या चहाचा कप हातात घेऊन दाराशी थांबली होती. आतोबांनी जुनं कार्ड फाडलं, नवा पुठ्ठा पुढ्यात ओढला, पट्टी ठेवली आणि पहिली रेघ ओढायला घेतली.

"उद्या वेळेवर ये," ते म्हणाले.

मी येतो म्हटलं.